ऑक्टोबरमध्ये दिसलेला राजगड जानेवारीत कुठे जातो? डोंगर गायब होण्यामागचं विज्ञान

ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी सकाळी सिंहगडावर जा. रात्री पाऊस पडून गेलेला असेल तर नैऋत्येला राजगड आणि तोरणा असे दिसतात की हात लांबवला तर लागतील. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा उंचवटा वेगळा ओळखू येतो, खाली उतरलेल्या सोंडा दिसतात, मधल्या दऱ्यांची सावली दिसते. फोटो निघतात आणि गरम कांदाभजी संपायच्या आत स्टेटसला लागतात.

तो फोटो बघून कुणीतरी जानेवारीत मित्रांना घेऊन वर जातं. ऊन लख्ख आहे. आभाळात ढग नाही, पावसाचा तर प्रश्नच नाही. आणि समोर राजगडाच्या जागी दुधात पाणी घातल्यासारखा पांढरट पडदा. "इथेच दिसतो रे, खरंच," असं सांगण्याची वेळ येते.

सिंहगडावरून राजगड सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटर आहे, तोरणा १७ च्या आसपास. हे अंतर बदलत नाही आणि तीन महिन्यांत कुणाचे डोळेही इतके बिघडत नाहीत. बदलते ती मधली १५ किलोमीटर हवा.

पडदा कसला? तो तर उजेड आहे

धुरकट हवा डोंगरावरून येणारा प्रकाश अडवते, म्हणून डोंगर दिसत नाही, असं आपण गृहीत धरतो. ते अर्धंच खरं आहे. मोठी गडबड दुसरीकडे होते.

हवेत धूळ, धूर, मीठ, पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असं बरंच काही तरंगत असतं. सूर्याचा प्रकाश या कणांवर आपटला की चहूबाजूंना उधळतो. शाळेच्या पुस्तकात याला 'प्रकाशाचं विकिरण' म्हटलेलं असतं. तुमच्या आणि राजगडाच्या मधल्या हवेवरही वरून ऊन पडतंच. त्यातला काही प्रकाश उधळून थेट तुमच्या डोळ्यांत येतो. हा प्रकाश डोंगरावरून आलेला नाही, मधल्या हवेने पाठवलेला आहे. पण डोळ्याला तो फरक कळत नाही. डोंगराच्या गडद कातळावर हा फुकटचा उजेड चढत जातो आणि कातळ हळूहळू मागच्या आभाळाइतकाच उजळ होतो. दोन्ही सारखे झाले की कड पुसली जाते. डोंगर जागेवरच असतो, त्याची बाह्यरेषा मात्र संपलेली असते.

एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलेल्यांना हे नीट कळेल. समोरची काच धुळीने माखलेली आहे. गाडी झाडांच्या सावलीतून जाते तेव्हा रस्ता बऱ्यापैकी दिसतो. वळणावर ऊन समोरून काचेवर आलं की काच पांढरी होते आणि ड्रायव्हरला हात आडवा धरावा लागतो. धूळ तितकीच होती, फक्त त्या धुळीवर ऊन पडलं.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. धूळ-धुराचे कण प्रकाश सगळीकडे सारखा उधळत नाहीत. तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेला, म्हणजे पुढे, जास्त उधळतात. त्यामुळे सूर्य समोर असेल तर धुरकं भगभगीत दिसतं आणि सूर्य पाठीशी असेल तर तेच धुरकं बरंच सौम्य होतं. सिंहगडावरून राजगड-तोरणा बघायला सकाळची वेळ बरी, ती यामुळे. सूर्य पूर्वेला, तुमच्या पाठीमागे असतो. दुपार कलल्यावर तोच देखावा फिका होतो.

दूरचे डोंगर निळे का?

समजा हवेत धूळही नाही आणि धूरही नाही. मग कितीही लांबचं दिसेल का? नाही. हवेचे रेणू स्वतःच प्रकाश उधळतात. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचं गणित मांडलं. इतक्या लहान कणांच्या बाबतीत तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाश जास्त उधळतो, आणि तोही चौथ्या घाताच्या हिशेबाने. साध्या भाषेत, निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या पाच-सहा पट जास्त उधळतो. आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. पंचवीस किलोमीटरवरचा पुरंदर स्वच्छ दिवशी निळसर दिसतो तोही त्यामुळेच. मधल्या हवेने डोंगरावर चढवलेला तो 'आकाशाचा' रंग असतो. जवळची रांग हिरवी, त्यामागची निळसर, त्यामागची फिकट निळी आणि शेवटची आभाळात विरलेली, या थरांना चित्रकार फार पूर्वीपासून ओळखतात. लिओनार्दो दा विंचीने त्यावर लिहूनही ठेवलं आहे.

कण मोठे झाले, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे, की रंगांमधला हा भेदभाव संपत जातो. निळा, हिरवा, लाल सगळेच जवळपास सारखे उधळतात आणि मिळून पांढरा होतो. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी याने १९०८ मध्ये अशा कणांचं गणित सोडवलं.

त्यामुळे नुसत्या रंगावरून हवेचा अंदाज बांधता येतो. डोंगर निळा असेल तर मध्ये बहुतांश हवाच आहे. डोंगर पांढरट किंवा करडा असेल तर हवेत भर पडलेली आहे. तपकिरी झाक असेल तर बहुतेक वेळा धूर, काजळी किंवा वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड मिसळलेला असतो.

विकिरणाच्या या गोष्टीत मुंबईलाही एक जागा आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅलेचं म्हणणं होतं. १९२१ मध्ये इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतणाऱ्या सी. व्ही. रामन यांना ते पटलं नाही. त्यांनी बोटीवरच एका साध्या प्रिझमने पाण्यावरची चकाकी कापून पाहिली, तरी समुद्र निळाच राहिला. पाण्याचे रेणूच प्रकाश उधळतात असा निष्कर्ष काढून त्यांनी 'नेचर'ला टिपण पाठवलं. त्यावर पत्ता होता मुंबई बंदराचा. पुढे याच वाटेवर २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला, नोबेल मिळालं आणि आपल्याला राष्ट्रीय विज्ञान दिन मिळाला.

किती लांबचं दिसू शकतं?

याचा हिशेब १९२४ मध्ये कॉशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने दिला. डोंगर आणि मागचं आभाळ यांच्या उजळपणातला फरक २ टक्क्यांच्या खाली गेला की माणसाच्या डोळ्याला डोंगर दिसत नाही, असं त्याने धरलं. हा फरक अंतरानुसार सरळ रेषेत कमी होत नाही. तो आधी झपाट्याने पडतो, मग हळूहळू. फक्त रेणू असलेल्या अगदी शुद्ध हवेत, समुद्रसपाटीला, ही मर्यादा येते साधारण ३०० किलोमीटर. वर हवा विरळ असते, त्यामुळे तिथे ती आणखी वाढते. २०१६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका शिखरावरून आल्प्समधलं शिखर ४४३ किलोमीटरवरून फोटोत टिपलं गेलं. पण तो फोटो पहाटेचा आहे. सूर्य नेमका त्या शिखरांच्या मागून उगवत होता आणि शिखरांच्या फक्त काळ्या आकृत्या उमटल्या.

आता राजगडाकडे येऊ. दृश्यमानता ६० किलोमीटर असेल तर १५ किलोमीटरवरच्या राजगडाचा मूळच्या ३८ टक्के उठाव शिल्लक राहतो. म्हणजे झकास दिसतो. दृश्यमानता २० किलोमीटरवर आली की उरतात ५ टक्के, म्हणजे नीट बघितलं तर एक अंधुक रेघ. १० किलोमीटर झाली की अर्धा टक्कासुद्धा उरत नाही. राजगड 'गायब'.

६० किलोमीटरवरून १० वर यायला हवेत किती घाण मिसळावी लागते? इथे थोडी आकडेमोड करू. हिशेब ढोबळ आहे आणि कोरड्या हवेचा आहे, पण त्यातून जे दिसतं ते महत्त्वाचं आहे.

प्रकाश उधळण्यात सर्वात वस्ताद असतात ते साधारण अर्ध्या मायक्रॉनचे कण. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ते किती बारीक असतील बघा. 'पीएम २.५' या ज्या गटाचं नाव आपण दर हिवाळ्यात ऐकतो, त्यात हेच कण येतात. शुद्ध हवेत एका घनमीटरमागे असे १० मायक्रोग्रॅम कण मिसळले तर ३०० किलोमीटरची मर्यादा थेट ८० च्या आसपास येते. १५ मायक्रोग्रॅमला ६०. आणि ६० मायक्रोग्रॅमला १७-१८ किलोमीटर.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, सुरुवातीचे १० मायक्रोग्रॅम २०० हून जास्त किलोमीटरचा देखावा खातात. आधीच ६० असताना आणखी १० वाढले तर मात्र फक्त दोन-अडीच किलोमीटर जातात. म्हणूनच आधीच धुरकटलेल्या शहरात हवा आणखी बिघडली तरी डोळ्याला फारसं जाणवत नाही, आणि स्वच्छ डोंगराळ भागात एक वणवा लागला तरी सगळा देखावा जातो.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. ६० मायक्रोग्रॅम हा भारताचा २४ तासांसाठीचा अधिकृत निकष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तोच आकडा १५ सुचवला. म्हणजे सरकारी निकषात बसणाऱ्या हवेतूनही राजगड जेमतेम रेघेसारखा दिसेल. डोंगर पुसणारे कण आणि फुफ्फुसाच्या पार आतपर्यंत जाणारे कण वेगळे नाहीत.

मग सगळा दोष हिवाळ्याचा?

हिवाळ्यात कारखाने किंवा गाड्या अचानक काही पट वाढत नाहीत. वाढते ती कोंडी. रात्री जमीन लवकर थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. थंड हवा जड, त्यामुळे ती वर जात नाही. शहराचा सगळा धूर-धुरळा या झाकणाखाली साचत राहतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगड १३०० च्या आसपास. त्यामुळे थंडीतल्या सकाळी गडावरून शहराकडे बघितलं की करड्या थराची वरची कड पट्टीने आखल्यासारखी दिसते. वर निळं आभाळ, खाली पुणं नावाचा एक अंदाज. ऊन तापलं की झाकण सुटतं आणि हवा वर-खाली ढवळली जाते. मग शहर थोडं मोकळं दिसतं, पण तोच मळ आता उंचावरच्या हवेतही पसरतो.

त्यात ओलावा. धुरक्यातले बरेच कण मिठासारखे असतात, दमट हवेत पाणी ओढून फुगतात. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं ओलं होतं, तसंच. कण फुगला की तो आणखी प्रकाश उधळतो. त्यामुळे प्रदूषणाचा आकडा तोच असूनही दमट पहाट जास्त धूसर दिसते.

मार्च ते मे या काळात वेगळंच नाटक असतं. वणवे असतात, कोकणात आणि मावळात भातरोपांसाठी राब भाजले जातात, सुकलेल्या जमिनीची धूळ उडत असते. महाबळेश्वरच्या पॉइंटवर एप्रिलमध्ये कोकण शोधणाऱ्या पर्यटकांना हे चांगलंच माहीत असेल. कधीकधी मळ फार लांबूनही येतो. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरी भुकटी बसली होती आणि भरदिवसा सूर्य मलूल झाला होता. ती पाकिस्तानच्या बाजूने समुद्र ओलांडून आलेली धूळ होती.

पावसाळा आला की हे सगळं धुतलं जातं, असं आपण म्हणतो. पण पावसाचा थेंब जाड धूळ चांगली खाली आणतो, अर्ध्या मायक्रॉनचे कण मात्र थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूने सटकतात. ऑक्टोबरच्या त्या लख्ख सकाळीचं श्रेय पावसाइतकंच वाऱ्याला द्यायला हवं. महिनोन्‌महिने समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने इथली हवाच बदललेली असते आणि ओल्या जमिनीतून धूळ उठत नसते.

मग १६७० मध्ये दिसलं कसं?

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि मावळ्यांनी कोंढाणा घेतला. गड ताब्यात आल्यावर पागेला आग लावून इशारा केला आणि शिवाजी महाराजांनी तो उजेड राजगडावरून पाहिला, असं सभासद बखरीत येतं. फेब्रुवारी हा काही हवा फार स्वच्छ असण्याचा महिना नाही. शेकोट्या, राब, धुळीचे रस्ते तेव्हाही होते. मग दिवसा जिथे डोंगर अंधुक होतो तिथे एक आग कशी दिसली?

उत्तर एसटीच्या काचेत आहे. रात्री सूर्यच नाही, म्हणजे मधल्या हवेवर ऊन नाही आणि फुकटचा उजेडही नाही. मागे काळोख, समोर ज्वाळा. आगीचा थोडा प्रकाश वाटेत उधळला, तरी उरलेला ओळखायला काहीच आड येत नाही. दिवसा डोंगर बुजवणारी हवा रात्री आगीचा निरोप पोचवू शकते, ती अशी.

धौलाधार दिसला आणि...

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि एप्रिलच्या सुरुवातीला पंजाबातल्या जालंधरमधले लोक गच्च्यांवर धावले. उत्तरेला बर्फाच्छादित डोंगररांग उभी होती. हिमाचलमधला धौलाधार! सरळ रेषेत अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. कित्येक तरुणांनी तो घरातून पहिल्यांदाच पाहिला. वयस्कर मंडळी सांगत होती, आमच्या लहानपणी हा दिसायचा.

तिथे भूगोल कधीच आड येत नव्हता. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिसण्याला मर्यादा पडते, पण ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच लांब असते. उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि साधारण ३.६ ने गुणा. उत्तर येतं क्षितिजापर्यंतचं अंतर, किलोमीटरमध्ये. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. वर्गमूळ साडेचाळीसच्या आसपास, म्हणजे समुद्रासारख्या सपाटीवर जवळपास १४५ किलोमीटर. समोरही डोंगर असेल तर त्याचं अंतर यात मिळवायचं. 'आमच्या गच्चीवरून अमुक शिखर दिसलं' असा फोटो फॉरवर्ड करण्याआधी हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं. मध्ये दुसरी उंच रांग नाही ना, आणि फोटोतली दिशा जुळते का, हे नकाशावर बघायला आणखी एक मिनिट.

मुंबईला मात्र उलटा अनुभव आला. २०२२-२३ च्या हिवाळ्यात समुद्राकाठच्या या शहरातल्या इमारती धुरक्यात विरघळू लागल्या आणि समुद्राचा वारा सगळं साफ करतो हा जुना भरवसा ढिला झाला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि बांधकामांच्या धुळीवर ताशेरे आले.

अमेरिकेत तर देखाव्यालाच कायद्याने संरक्षण आहे. तिथल्या स्वच्छ हवा कायद्यात १९७७ मध्ये दुरुस्ती करून राष्ट्रीय उद्यानांमधली माणसाने आणलेली धुरकट हवा दूर करणं हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरवलं गेलं. १९९९ च्या नियमात त्यासाठी २०६४ ही मुदत धरली आहे. एवढी लांबची मुदत बघून हसू येतं खरं, पण तिथे ग्रँड कॅन्यन किती लांबपर्यंत दिसतं याची सरकारदरबारी वर्षानुवर्षे नोंद होते.

फोनमधलं 'डीहेझ' बटण काय करतं?

एडिटिंग अॅपमधलं हे बटण वर सांगितलेलं गणित उलटं चालवतं. फोटोच्या कुठल्या भागावर किती फुकटचा उजेड चढला असेल याचा अंदाज घेतं आणि तो वजा करतं. डोंगराचा ५ टक्के उठाव उरला असेल तर बटण तो ताणून छान दाखवतं. अर्धा टक्का उरला असेल तर ताणलं जातं ते सेन्सरचे ठिपके आणि चित्रविचित्र रंग. जे फोनपर्यंत आलंच नाही ते बटण आणणार कुठून.

खरी स्वच्छ हवाही एक फसवणूक करते, आणि ट्रेकर्सनी ती लक्षात ठेवायला हवी. आपला मेंदू अंतराचा अंदाज धूसरपणावरून बांधतो. फिकं म्हणजे लांब, ठळक म्हणजे जवळ. पावसानंतरच्या लख्ख हवेत समोरची सोंड 'ही काय, अर्ध्या तासात' वाटते आणि प्रत्यक्षात दोन तास खाते. ऑक्टोबरमध्ये दिवसही लहान होत असतो. अंधार पडायच्या आत उतरायचं असेल तर डोळ्यांपेक्षा नकाशावरच्या अंतरावर विसंबलेलं बरं.

हवामान वेधशाळांमध्ये दृश्यमानता मोजायची जुनी रीत अगदी साधी आहे. ठरावीक अंतरावरच्या खुणा, म्हणजे एखादी टेकडी, पाण्याची टाकी, चिमणी, मनोरा, यांची यादी करायची आणि आज त्यातली कुठवरची दिसते हे लिहायचं. विमानतळांवर आता यासाठी यंत्रं आहेत. त्यातलं 'दृष्टी' नावाचं यंत्र भारतातच तयार झालं आहे. पण जुनी रीत कुणालाही जमते. पुण्यात पर्वतीवरून सिंहगड साधारण १७ किलोमीटर आहे. कल्याणकरांना मलंगगड आहे. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागेवरून बघायचं आणि 'दिसला', 'अंधुक', 'नाही' यातला एक शब्द कॅलेंडरवर लिहायचा. पर्वतीवरून सिंहगड 'नाही' असलेल्या दिवशी पीएम २.५ बहुतेक वेळा ६० च्या वर निघेल. तेवढी दमट पहाट आणि खरं धुकं हिशेबातून वगळायचं.